आलेच

सकाळी सातच्या सुमारास दोरवाल्याची बायको तळ्यावर गेली. ती परत आली नाही.

जाताना ती दारातून 'आलेच' म्हणाली. घरातल्या तिघांनीही ते ऐकलं. दोरवाला अंगणात चाकाच्या आसाला तेल देत होता. सात वर्षांची थोरली धाकट्याचं तोंड धूत होती. धाकटा तीन पुरे करून चौथ्यात होता. त्याला तोंड धुवायचं नव्हतं, म्हणून तो आईकडे बघून रडत होता आणि आई त्याच्याकडे बघून हसत होती. तिच्या कमरेला विळा होता आणि डोक्यावर चुंबळ. म्हणजे ती कामाला निघाली होती, दुसरीकडे कुठे नाही. दोरवाल्याने पुढे सगळ्यांना हेच सांगितलं. चुंबळ घेऊन कोणी घर सोडून जात नाही.

तळं घरामागच्या उताराखाली आहे. घायपाताच्या पानांचे भारे बांधून तिथे पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचे, गर कुजेपर्यंत वाट बघायची, मग झोडून, धुऊन आतला पांढरा वाख काढायचा आणि तो वाळला की दोर वळायचा. गावात हे काम करणारं हे एकच घर. पानाच्या चिकाने कोपरापर्यंत खाज उठते आणि कुजल्या पानाचा वास कपड्यांतून जात नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणाला या धंद्याची हौस नव्हती. त्या वर्षी तळं फार लवकर आटत चाललं होतं. पाणी उतरलं की भारे उघडे पडतात आणि उघडं पान कुजत नाही, नुसतं वाळतं. म्हणून ती रोज सकाळी जाऊन भारे आत सरकवत असे.

काठावर बाहेर काढलेले दोन भारे सापडले, एकमेकांना लागून ठेवलेले. काठावरच्या झाडाच्या खोडात रोवलेला विळा सापडला. चपला सापडल्या. चुंबळ सापडली नाही.

नावाड्याने नदीवरून लांब बांबू आणला, लोखंडी आकडे आणले. माणसं हातात हात घालून तळं तुडवत गेली. मधोमध पाणी छातीला लागलं. त्याच्या खाली गाळ, पाय ठरेना. नावाड्याने बांबू खुपसला तो आत जात राहिला आणि कुठेच टेकला नाही. संध्याकाळी सगळे काळे पाय घेऊन बाहेर आले, धुवायला वाकले आणि धुता धुता थांबले, कारण ज्या पाण्यात धुवायचे ते तेच पाणी होतं.

पोलीस आला. घरात भांडण झालं होतं का, असं त्याने विचारलं. दोरवाला नाही म्हणाला. थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाला, आदल्या दिवशी मिठावरून झालं होतं. कसल्या मिठावरून? जेवणातल्या. पोलिसाने मीठ लिहून घेतलं नाही.

गावात दोन मतं झाली. एक, तिला गाळाने ओढलं. दुसरं, वाखाच्या व्यापाऱ्याचा ट्रक त्याच सकाळी रस्त्याने गेला होता, त्यात ती बसून गेली. दुसरं मत नळावर जास्त चालायचं. ती कोणात मिसळत नसे, कोणाचं ऐकून घेत नसे. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं तिच्याबद्दल आधीपासूनच म्हणत, आणि दोरवाल्याची बायको म्हणून ती म्हण तिला नेमकी चिकटली होती. थोरली कळशी घेऊन आली की विषय बदलायचा. मग पुढे पुढे बदलेनासा झाला. थोरलीने आपली पाळी आली तेवढं पाणी भरलं आणि घरी येऊन बापाला विचारलं, ट्रकमध्ये बसायला चपला लागत नाहीत का. त्यानेही त्याचा विचार करून पाहिलेला होता.

धाकट्याचं त्या पहिल्याच दुपारी सुरू झालं. माणसं अजून तळ्यात होती. तो घरातून बाहेर आला आणि म्हणाला, "आई आली."

थोरली धावली, शेजारीण धावली, तळ्यावरून दोरवाला चिखलाच्या पायांनी धावत आला. खोलीत कोणी नव्हतं. धाकट्याने कोपरा दाखवला. तिथे वाखाच्या जुड्या रचलेल्या होत्या आणि त्यांचा तो ओला, आंबूस वास होता. तिच्या अंगालाही तोच असायचा, त्यामुळे पोराला वासाने भूल पडली असेल, असं शेजारीण म्हणाली. ते सगळ्यांना पटलं. दोरवाला मात्र कोपऱ्याकडे बघत जरा जास्तच वेळ उभा राहिला.

नंतर ते रोजचं झालं. जेवताना धाकटा सरकून बसायचा, शेजारी जागा ठेवायचा. निजताना बापाला म्हणायचा, तिकडे हो, आईला जागा दे. रागवून झालं, समजावून झालं. थोरलीने एक दिवस त्याला समोर बसवून शिकवायला घेतलं.

"आलेच म्हणजे अजून यायचंय," ती म्हणाली. "आली म्हणजे येऊन झालं."

"मग ती आलेच का म्हणाली?"

"तसं म्हणतात."

"न येता?"

दोरवाला दाराशी वाख विंचरत होता, त्याने ते ऐकलं. तेव्हापासून त्या घरात तो शब्द कोणी काढला नाही. बाहेर निघायचं तर 'जाऊन येतो' म्हणायचं, सबंध. घाईतसुद्धा.

काम थांबवून चालणार नव्हतं. नावाड्याला नदीवर आडवा बांधायचा जाड दोर हवा होता. जुना तुटायला आला होता आणि पाणी वाढायच्या आत नवा बसला नाही, तर पलीकडचा रस्ताच बंद. तळ्यात त्या सकाळी एवढी माणसं उतरवणारा नावाडीच होता, म्हणून तो घाई करत नव्हता. पण रोज संध्याकाळी येऊन अंगणात बसायचा आणि दोराकडे बघायचा नाही. ते बघणं टाळणंच दोरवाल्याला तगाद्यासारखं लागायचं.

दोर वळायला दोन माणसं लागतात. एक चाक फिरवतं. दुसरं कमरेला वाख गुंडाळून, बोटांतून तो सोडत सोडत मागे मागे चालत जातं. आजवर चाकावर बायको असायची. आता थोरली बसली. पहिल्या दिवशी तिच्या तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले, मग दोरवाल्याने तिच्या हाताला चिंध्या बांधल्या. तो उलट्या पावलांनी अंगणभर दूर जायचा, तोंड लेकीकडे. एकदा कोंबडीवर पाय पडून तो सपशेल बसला. थोरली खदखदून हसली आणि मग हसल्याबद्दल घाबरली. "हस," तो म्हणाला, "तुझी आई तर चाक सोडून हसायची."

सकाळी तिची वेणीही तोच घालायचा. तिपेडी वळणं त्याला जन्मापासून माहीत होतं. वेणी अशी घट्ट बसायची की थोरलीच्या भुवया वर चढायच्या आणि ती दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची. शाळेत पोरं तिला 'दोरखंड' म्हणायची आणि नाक धरायची. ती म्हणायची, धरा, सोडलंत तर मराल.

पंधरवड्याने आत्या आली. दोरवाल्याची ही थोरली बहीण. तिचा नवरा सुतार, मुलं हाताशी आलेली. ती लोखंडी ट्रंक घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिने पोरांची डोकी धुतली, भांडी राखेने घासली, वाखाच्या जुड्या खोलीतून अंगणात काढल्या. धाकटा त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसला. आत्याने त्याला मांडीवर ओढलं, भरवलं. तो जेवला, पण बाजूला जागा ठेवूनच.

आत्याचं म्हणणं सरळ होतं. थोरली शहाणी आहे, तिचं होईल. धाकट्याला ती घेऊन जाईल. त्याला या घरापासून, या वासापासून, तळ्यापासून लांब नेलं तर महिन्याभरात सुधारेल. इथे राहिला तर वाऱ्याशी बोलत मोठा होईल. दोरवाला हो म्हणेना, नाही म्हणेना. मग ती चिडायची. हे भिजत घोंगडं कुठवर ठेवणार आहेस, विचारायची. तो म्हणायचा, "एवढा दोर होऊ दे."

"तुझं चऱ्हाट संपलं की सांग मग," आत्या म्हणायची आणि कामाला लागायची.

दोरवाला एका गोष्टीला भीत होता, आणि ती त्याने फक्त नावाड्याला सांगितली. धाकट्याला नेलं आणि ती आली, तर तिला काय सांगायचं? नावाडी इतकंच म्हणाला की, बहीण तुझी चांगली आहे.

चूक झाली ती आत्याकडून, आणि तिचा दोष काही नव्हता. ती शेजारी चाळण मागायला निघाली. दोरवाला अंगणात पाठमोरा, उलटा चालत होता. थोरली चाकावर. आत्याने धाकट्याला उंबऱ्याशी बसवलं आणि आयुष्यभर जे म्हणत आली तेच म्हणाली.

"बस हं इथे. आलेच."

ती चाळण घेऊन परत आली तेव्हा उंबरा रिकामा होता.

तो तळ्यात होता. पाणी आता मधल्या खळग्यापुरतं आणि झोडायच्या मोठ्या दगडापाशी, एवढंच उरलं होतं. बाकी सगळा गाळ, वर साय धरल्यासारखा सुकून भेगाळलेला. तो त्या सायीवरून पार आत, खळग्याच्या कडेपर्यंत चालत गेला होता. तिथे ती फुटली. कमरेपर्यंत गाळात, उभा. तो रडत नव्हता. मान खाली घालून समोरच्या चिखलाला काहीतरी सांगत होता, हात हलवून, सविस्तर.

दोरवाला धावला तो तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत गेला. रोजच्यासारखा आलेला नावाडी मागून ओरडला, शिडी आणा, दोर आणा. आत्या आणि थोरली नदीसाठी वळलेला तो जाड दोर ओढत उतारावरून आल्या. एक टोक खोडाला बांधलं, दुसरं दोरवाल्याच्या कमरेला. तो शिडी गाळावर आडवी टाकून पोटावर सरकत गेला. धाकट्याने त्याला पाहिलं आणि बोलणं थांबवलं, मोठी माणसं आली की थांबवतात तसं.

आधी दोरवाल्याला वाटलं पोरगं खाली जातंय. तसं नव्हतं. ते कशावर तरी उभं होतं. बगलेत हात घालून त्याने त्याला उपसलं आणि पाठीवर घेतलं. मग हात खांद्यापर्यंत गाळात घालून चाचपलं. हाताला भारा लागला. त्याने तोही ओढून काढला. काठावरून आत्या ओरडत होती, सोड ते, पोराला आण. त्याने पोराला आणलं आणि भाराही आणला.

आत्याने धाकट्याला कवटाळलं. किती घाबरला असशील, म्हणाली.

"आईने उभं केलं," धाकटा म्हणाला.

आई गेल्याला तेव्हा दोन महिने होत आले होते. दोन महिने भिजलेला भारा काढला तर हातात नुसते धागे यायला हवेत, तेही काळे पडलेले. दोरवाल्याने भारा धुतला. पानं वरून तपकिरी, बुळबुळीत होती. त्याने अंगठ्याचं नख एका पानात दाबलं. आत हिरवं होतं.

"आठवड्याचं पान आहे," तो म्हणाला.

नावाड्याने यावर आपलं मत दिलं. खोल गाळात वस्तू टिकतात. नदीच्या गाळातून त्याच्या आज्याच्या होडीची फळी निघाली होती, ती कालची वाटत होती. तेव्हा हा भारा तिनेच, त्या सकाळी टाकलेला. गाळाने झाकला, म्हणून राहिला. हे बोलणं समंजस होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आत्याचा संशय वेगळा होता. तिने भावाला बाजूला नेलं आणि विचारलं, तूच टाकलास ना? मन लागत नसेल, हातून होऊन गेलं असेल, सांग, मी काही म्हणणार नाही. दोरवाला म्हणाला, ती गेल्यापासून मी पानाला विळा लावला नाही, घरातला जुना वाख वळतोय. मग आत्याने थोरलीला तो ओला भारा उचलायला लावला. थोरलीने एक टोक धरून ओढलं, चेहरा लाल केला. भारा हलला नाही. तिला उगाच रडू आलं.

भारा दोरीने बांधलेला नव्हता. एक पान उभं चिरून त्याच्याच पट्टीने आवळला होता, आणि पट्टीचं टोक आत खोचलेलं. दोरवाला त्या बांधणीपाशी उकिडवा बसला. त्याने बाजूचं एक पान चिरलं आणि तसाच फास घालून पाहिला. निसटला. पुन्हा घातला. निसटला. मग त्याने हात बदलला.

"हा उजव्या हाताने बसत नाही," तो म्हणाला. त्याची बायको डावरी होती.

"मग तेच तर मी म्हणतोय," नावाडी म्हणाला. "तिनेच बांधलेला. पण तेव्हा."

दोरवाल्याने भारा उचलला आणि झोडायच्या दगडाजवळ, जिथे काठ पक्का होता, तिथल्या पाण्यात पुन्हा बुडवला. वर दगड ठेवले. आत्या बघतच राहिली. हे काय चाललंय, तिने विचारलं. तो म्हणाला, अर्धं कुजलेलं पान बाहेर ठेवलं तर वाया जातं. धंद्याचा नियम होता.

घरी परतताना उतारावर आत्या थांबली. धाकटा तिच्या खांद्यावर निजला होता, त्याच्या पायांवरचा गाळ तिच्या पोटावर वाळत होता.

"आता ऐक," ती म्हणाली. "तो भारा तयार होईल त्या दिवशी मी स्वतः झोडीन. आणि दुसऱ्या दिवशी याला घेऊन निघेन. तोवर थांबते."

"मधे कोणी न्यायला आलं तर?"

"काय न्यायला?"

"भारा. ज्याचा असेल तो."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी ताप चढला की त्याच्याकडे बघायची तसं. "बरं," ती म्हणाली. "आलं कोणी, तर पोरगं तुझं."

दोर पुरा झाला. नावाड्याने तो नदीवर नेऊन बांधला, चिखल लागलेला भाग धुऊन घेतला. अंगणात वाख उरला नाही, चाक नुसतं उभं राहिलं. घरातून तो वासही गेला. आत्याला बरं वाटलं. त्याहून बरं हे की धाकटा बोलायचा थांबला. तळ्यावरून आल्यापासून त्याने आई आली असं एकदाही म्हटलं नाही. जेवताना जागा ठेवली नाही. निजताना बापाला सरकवलं नाही. बघ, आत्या म्हणाली, भीतीने सुटलं. दोरवाल्याला मात्र झोप येईना. पोरगं रोज म्हणायचं तेव्हा तो झोपत असे.

थोरलीने विचारलं, आपण तळ्यावर राखण का बसत नाही? ती बसायला तयार होती. दोरवाला नको म्हणाला. ती मागे लागली तेव्हा म्हणाला, "कोणी बघत बसलं की येणाऱ्याला येववत नाही." हे त्याने रागावून सांगितलं, आणि थोरली नंतर बराच वेळ तळ्याकडची खिडकी लावून बसली.

भाऱ्याचे दिवस भरले. पान सुटायला हवं होतं. आदल्या दिवशी आत्याने ट्रंक भरली, धाकट्याचे कपडे सगळ्यात वर ठेवले. त्याची मोडकी लाकडी बैलगाडी मावेना तेव्हा आपलं एक लुगडं काढून ठेवलं आणि गाडी घातली. दोरवाला हे बघत होता. त्याने गाडीचं निखळलेलं चाक शोधून आणून दिलं. थोरली त्या दिवशी जेवली नाही.

दुपारी ऊन रणरणत असताना चौघं तळ्यावर गेली. आत्याच्या हातात झोडायचं दांडकं होतं.

दगडाजवळच्या पाण्यात भारा नव्हता.

त्याच्यावर ठेवलेले दगड काठावर होते, एकावर एक रचलेले. भारा वाहून जायला पाणी वाहतं नव्हतं. आत्या म्हणाली, चोरी झाली. मग तिचं तिलाच ते खरं वाटेना. कुजकी पानं कोण चोरणार, आणि नेऊन करणार काय. ती वाकली आणि वरचा दगड उलथला. त्या उन्हात पाण्यातून काढलेला दगड बघता बघता वाळतो. या दगडाची खालची बाजू ओली होती.

दोरवाल्याने मान वर केली. तिथून उतार पूर्ण दिसतो, एकही झुडूप नाही. रस्ता वळणापर्यंत दिसतो. वळणापर्यंत कोणी नव्हतं. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, आणि काय म्हणून हाक मारायची ते न सुचल्यासारखं मिटलं. थोरलीने धाकट्याकडे बघितलं. तो पाण्याकडे पाठ करून दगडाची सावली पायाने मोजत होता.

हे परवाचं. आत्या ठरल्याप्रमाणे काल निघाली नाही, आणि राहते असंही म्हणाली नाही. ट्रंक दाराशी आहे, कुलूप लावलेली. नावाडी म्हणतो की वाखाच्या व्यापाऱ्याचा ट्रक या आठवड्यात पुन्हा येऊन गेला, त्याची माणसं पाणी बघून खाली उतरतात. पोलिसाला कळवलं आहे. तो येतो म्हणाला आहे.

आज सकाळी दोरवाल्याने विळ्याला धार लावली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा पानं कापायला गेला. कोपरापर्यंत खाज उठेपर्यंत कापली. ती त्याने झोडायच्या दगडाजवळ नेऊन ठेवली आहेत, मोकळीच. शेजारी एक पान उभं चिरून ठेवलं आहे. संध्याकाळपर्यंत ती कोणी बांधलेली नाहीत.